नववीच्या मुलांचं ताट : विधिमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

पाचवी ते दहावीचे वर्ग असलेल्या कुठल्याही अनुदानित हायस्कुलात मधल्या सुट्टीत एक प्रकार रोज घडतो. पाचवी ते आठवीची मुलं ताटल्या घेऊन ओळीनं बसतात. नववी-दहावीची मुलं त्याच आवारात, त्याच खिचडीच्या वासात असतात, पण ओळीबाहेर, कारण शाळेतलं जेवण आठवीपर्यंतच मिळतं. डबा असेल तर वर्गात बसून डबा. नसेल तर फाटकापलीकडच्या टपरीवरचा पाच रुपयांचा पुडा, नाहीतर नळाचं पाणी आणि गप्पा. बीड जिल्ह्यातल्या अशाच एका शाळेत मी विज्ञान शिकवते. एप्रिलमध्ये ओळीत बसणारं पोरगं जूनमध्ये ओळीबाहेर जातं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या घरची मिळकत वाढलेली नसते. उंची मात्र वाढलेली असते, आणि भूकही.

ही रेषा आखली कायद्यानं. शिक्षणाच्या हक्काचं वय ६ ते १४ धरलं आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं शाळेतल्या जेवणासाठी तोच आकडा उचलला. शिक्षणापुरतं ते ठीक असेलही. शरीराचा हिशेब मात्र बरोबर उलटा चालतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशी पाहा : १० ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला २,२२० किलोकॅलरी लागतात, १३ ते १५ व्या वर्षी २,८६० आणि १६ ते १८ व्या वर्षी ३,३२०. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला रोज ४३ ग्रॅम प्रथिनं आणि ३० मिलिग्रॅम लोह हवं. प्रौढपणी माणसाचं जे वजन असतं त्यातलं जवळपास निम्मं आणि उंचीचा पाचवा-सहावा हिस्सा याच काही वर्षांत अंगावर चढतो. सहावी ते आठवीच्या मुलांना शाळेत ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं देण्याचं प्रमाण ठरलेलं आहे. मुलीच्या दिवसभराच्या प्रथिनांतला जवळजवळ अर्धा वाटा. मागणी सर्वांत जास्त असलेल्या वयात आपण तो काढून घेतो आणि म्हणतो, आता तुझं तू बघ.

आता घरचं कसं भागतं ते सांगते. नववीच्या वर्गाला मी आहाराच्या प्रकल्पासाठी डब्याची वही लिहायला लावते. रोज काय आणलं, सकाळी काय खाल्लं, एवढंच. या वह्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. बाप किंवा आई पगारदार आहे, म्हणजे शिक्षक, एसटीत, बँकेत, तिथल्या मुलाच्या डब्यावरून वार ओळखता येत नाही. मजुरीवर चालणाऱ्या घरातल्या मुलीची वही मात्र आठवडी बाजाराच्या पंचांगासारखी वाचता येते. आमच्याकडे बाजार मंगळवारी. त्याच दिवशी मजुरीचे पैसे हातात येतात. बुधवार-गुरुवारच्या डब्यात मेथी, वांगं, कधी वाटाणा. शुक्रवारपासून माळवं संपत येतं, पिठलं सुरू होतं. रविवार-सोमवारी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, तीही पातळ करून. एकीनं सोमवारच्या रकान्यात ‘भाकरी, मीठ-मिरची’ लिहून ते खोडलं होतं आणि वर ‘पोळी-भाजी’ लिहिलं होतं. मी गुण दिले आणि पुढे काही विचारलं नाही.

गरिबीची चर्चा करताना आपण वर्षाचं उत्पन्न विचारतो. दाखल्यावर आकडा येतो, योजना त्यावर ठरते. पण वाढत्या पोराच्या ताटाला वर्षाचं उत्पन्न कळत नाही, त्याला पैसा कसा येतो ते कळतं. तेवढीच रक्कम महिन्याच्या एक तारखेला येणाऱ्या घरात आणि बाजाराच्या दिवशी येऊन बाजाराच्या आदल्या दिवशी संपणाऱ्या घरात मुलं वेगवेगळं खातात. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, त्यामुळे भाकरी-भात थांबत नाही, आणि हे मी मनापासून मान्य करते. थांबतं ते कोरड्यास. डाळ, तेल, अंडं, भाजी, दूध : हाडं आणि रक्त ज्यावर तयार होतात ते सगळं रोख पैशांवर चालतं.

दुधाचं तर आणखी वेगळं आहे. आमच्या बऱ्याच मुलांच्या दारात गाय किंवा म्हैस आहे. सकाळी धार निघते आणि कॅन तडक डेअरीवर जाते, कारण दहा दिवसांनी तिथून मिळणाऱ्या पैशांवर किराणा चालतो. घरी राहतं ते चहापुरतं. ज्या घरातून रोज चार-पाच लिटर दूध बाहेर पडतं, त्याच घरातली मुलगी कोऱ्या चहासारख्या चहात खारी बुडवून शाळेला येते. गावरान अंड्यांचंही तेच. घरचं अंडं विकून आलेल्या पैशांत साबण येतो. कृषिप्रधान वगैरे म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं की पिकवणारं घर आणि खाणारं घर एक नसतं.

‘जंक फूड’बद्दल शाळांना परिपत्रकं येतात. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी-साखर-मिठाचे पदार्थ विकायचे नाहीत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. चांगला आहे. पण त्या टपरीवर उभं राहून पाच रुपयांत काय मिळतं ते एकदा बघा. अंडं आमच्याकडे सात-आठ रुपयांना. पेलाभर दूध पंधरा. केळं पाचला मिळालं तर ते बोटाएवढं. पाच रुपयांत हमखास, बारा महिने, प्रत्येक वाडीवर मिळणारी एकच गोष्ट म्हणजे वेफर्सचा किंवा कुरकुरीत नळ्यांचा पुडा. कंपन्यांनी गरीब पोराच्या खिशाचं माप बरोबर घेतलं आहे. अन्नधान्याच्या व्यवस्थेनं ते अजून घेतलेलं नाही. केंद्राच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भागात खाण्यापिण्यावरच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा निघाला. एकूण खर्चाच्या ९.८४ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटं आणि नमकीन यांच्यावरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला. पुडा थोडा फुगला असेल. मुलांना उपदेश करायला मला कोणी मनाई केलेली नाही, पण उपाशीपोटी ऐकणाऱ्या वर्गापुढे तळलेल्या पदार्थांचे तोटे सांगताना जीभ जड होते.

पैसेवाल्यांच्या मुलांचं बरं चाललंय असंही नाही. बागायतदारांची, दुकानदारांची, आम्हा शिक्षकांची मुलं क्लासला जाताना रोज वडापाव, मंच्युरियन, थंड पेय. वजन वाढतं, मैदान सुटतं. २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात देशातली २४ टक्के किशोरवयीन मुलं वयाच्या मानानं बारीक आणि ५ टक्के जास्त वजनाची आढळली होती. माझ्या वर्गात दोन्ही टोकं एकाच बाकावर बसतात. जास्त वजनाच्या मुलांचा प्रश्न खरा आहे, पण त्याला आईबापांचं डोकं लागेल, सरकारचा पैसा नाही. म्हणून तो इथेच सोडते.

आता निळ्या गोळीबद्दल. ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते.

‘ॲनिमियामुक्त भारत’मध्ये दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी शाळेत देतात. योजना उत्तम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना आणि ३१.१ टक्के मुलग्यांना रक्तक्षय निघाला. आधीच्या फेरीपेक्षा दोन्ही आकडे वाढलेले. गोळी हवीच. पण ती जेवणानंतर द्यायची असते. रिकाम्या पोटी लोह घेतलं की मळमळतं, पोटात कालवतं, काहींना उलटी होते. सातवी-आठवीत अडचण येत नाही. खिचडी झाली की बाई गोळ्या वाटतात, पाणी पिऊन मुलं वर्गात. नववीत तीच मुलगी तीच गोळी सकाळच्या चहा-खारीवर घेते. तिला मळमळतं. पुढच्या आठवड्यात ती गोळी जिभेखाली धरते आणि मोरीत थुंकते. त्याच्या पुढच्या आठवड्यात सगळ्या वर्गात बातमी असते की या गोळीनं चक्कर येते. रजिस्टरवर मात्र सही पूर्ण. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही हे मी दहावीला शिकवू शकते, त्यानं पोट भरत नाही. एकाच सरकारचा एक विभाग गोळी देतो आणि दुसरा विभाग ती पचण्यासाठी लागणारं जेवण त्याच इयत्तेपासून बंद करतो. अर्थसंकल्पाच्या दोन शीर्षांत हे वेगळं दिसत असेल, मुलीच्या पोटात ते एकत्रच असतं.

मुलींचा आणखी एक प्रकार असतो, तो कागदावर येत नाही. भाजी थोडी असली की मुलगी म्हणते, आज माझा उपवास. सोमवार, मंगळवार, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार. कारण मिळायला वार कमी नाहीत. यातले किती उपवास देवाचे आणि किती धाकट्या भावाच्या वाटणीचे, हे तिला विचारायचं नसतं.

आणि दसऱ्यानंतर आमचं गाव अर्धं होतं. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, टोळ्या निघतात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. लहान पोरं आईबापाबरोबर फडावर जातात किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. नववी-दहावीचं पोर मात्र ‘मोठं झालंय’ म्हणून आजीजवळ घरी ठेवतात, शाळा बुडू नये यासाठी. हेतू चांगला आहे. परिणाम असा की चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पहाटे उठून भाकरी थापते, आजीला घालते, उरलं तर बांधते आणि मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी चालणाऱ्या निळ्या बसनं शाळेला येते. घरात पैसा ठेवलेला असतो, पण तो पाच महिने पुरवायचा असतो, म्हणून बाजार अर्धाच होतो. दहावीचे जादा तास आणि फेब्रुवारी-मार्चची परीक्षा याच महिन्यांत येते. संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनानं वसतिगृहं काढली, ते फार चांगलं केलं. जागा मोजक्या आहेत आणि पोरं गावोगाव आहेत. किशोरी मुलींसाठी केंद्राची जी आहार योजना आहे, ती १४ ते १८ वयासाठी ईशान्येकडची राज्यं सोडली तर फक्त आकांक्षित, म्हणजे मागास म्हणून केंद्रानं निवडलेल्या, जिल्ह्यांत चालते. आपल्या राज्यात नंदुरबार, वाशिम, धाराशिव, गडचिरोली. बीड त्यात नाही. धाराशिवची हद्द आमच्यापासून लांब नाही, एवढंच सांगते.

हद्दीवरून आठवलं. उदगीरच्या नववीतल्या मुलाला दुपारी शाळेत जेवण मिळत नाही. तिथून जवळच बिदर. तिथल्या सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या नववीच्या मुलाला मिळतं, दहावीच्याही, आणि अंडंसुद्धा. कर्नाटकानं २००७ पासून नववी-दहावीला जेवण सुरू केलं. तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली योजना दोन वर्षांतच मोठ्या मुलांपर्यंत पोचली, आज ती दहावीपर्यंत आहे. आंध्र प्रदेशानं जानेवारी २०२५ पासून सरकारी ज्युनियर कॉलेजातही दुपारचं जेवण द्यायला सुरुवात केली. केंद्राचा कायदा आठवीला थांबला म्हणून या राज्यांचे हात बांधले गेले नाहीत. राज्याच्या एकूण उत्पन्नात यातलं एकही महाराष्ट्राच्या पुढे नाही.

पैशांचा हिशेब मी विज्ञानाच्या बाईला झेपेल तेवढा मांडते. मे २०२५ पासून सहावी ते आठवीच्या एका ताटाच्या डाळ-भाजी-तेल-मसाल्याचा दर १० रुपये १७ पैसे आहे. वर्षाला २२० दिवस धरले तर एका मुलामागे सव्वादोन हजारांच्या आसपास. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेला राज्यात सोळा लाखांवर विद्यार्थी नोंदले होते. नववी तेवढीच धरली, खासगी विनाअनुदानित शाळांतली मुलंही धरली, तरी हा खर्च सातशे कोटींच्या घरात जातो. खरा आकडा कमी असेल, कारण सगळी मुलं अनुदानित शाळांत नाहीत. तांदूळ आणि स्वयंपाक करणाऱ्यांचं मानधन यात धरलेलं नाही, ते वेगळं काढावं लागेल. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. लाडक्या बहिणीसाठी त्यात ३६ हजार कोटी. मी त्या योजनेच्या विरोधात नाही, उलट ते दीड हजार आल्यावर काही डब्यांत खरंच फरक पडलेला वहीत दिसतो. पण दीड हजारावर घरातल्या सगळ्यांचा हक्क असतो : औषध, फवारणी, बचत गटाचा हप्ता, थोरलीचं बाळंतपण. शाळेतलं ताट फक्त त्या पोराचं असतं.

काही आक्षेप आधीच माहीत आहेत. पहिला : मोठी मुलं खिचडी खायला लाजतात. लाजतात, खरं आहे. नववीतला मुलगा मिसरूड फुटल्यावर ‘गरिबांचं’ म्हणून समजलं जाणारं काहीही हातात घ्यायला तयार नसतो. म्हणूनच दाखला बघून निवडक मुलांना देऊ नका. सगळ्या वर्गाला द्या, सरपंचाच्या पोरालाही. तामसीपणा म्हणून अंड्याला हरकत घेणारे असतील तर त्यांच्यासाठी केळं ठेवा, पण एकाच्या हरकतीपायी सगळ्यांचं अंडं काढू नका. हे लिहायची वेळ आली, कारण २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, २०२४ च्या जूनमध्ये पुलाव, उसळ, नाचणी सत्त्व असा भरगच्च मेन्यू आला आणि २०२५ च्या जानेवारीत कळवलं गेलं की अंड्याला आणि साखरेला वेगळा पैसा नाही, लोकसहभागातून करा. लोक म्हणजे कोण? ज्यांच्या घरी सोमवारी मीठ-मिरची आहे, तेच आमच्या शाळेचे लोक आहेत.

दुसरा आक्षेप आमचाच, शिक्षकांचा. आधीच खिचडीची नोंद, चव रजिस्टर, ॲपवरची रोजची माहिती. आणखी दोन इयत्ता कशाला? मलाही हे काम नको आहे. ते बचत गटाकडे द्या, स्वयंपाकाच्या मावशींना अडीच हजारांच्या मानधनाऐवजी जगण्याजोगं काही द्या आणि आम्हाला फळ्यापाशी राहू द्या. सध्या काय चालतं तेही ऐका : आठवीची पंगत उठल्यावर पातेल्यात काही राहिलं तर मावशी नववीच्या पोरांना हाक मारतात. नियमात ते बसत नाही. हिशेबात उरलेली खिचडी उरलेलीच दाखवावी लागते. कुठलीही मावशी वाढत्या पोराच्या तोंडाकडे बघून पातेलं झाकत नाही, हे तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही माहीत आहे.

तेव्हा मागणी अशी. येत्या अर्थसंकल्पात शासकीय, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या नववी-दहावीसाठी दुपारच्या जेवणाचं स्वतंत्र शीर्ष उघडा. दर सहावी ते आठवीपेक्षा जास्त ठेवा, कारण हे पोट मोठं आहे. एकदम सगळीकडे जमत नसेल तर ऊसतोडीच्या तालुक्यांपासून आणि मानव विकासच्या तालुक्यांपासून सुरू करा आणि ऑक्टोबर ते मार्च आधी घ्या. आठवड्याला निदान दोन अंडी किंवा त्याच्या तोडीचं शेंगदाणा-गूळ, मोड आलेली मटकी. निळी गोळी त्या जेवणानंतर, त्याच ठिकाणी. अकरावी-बारावीचं पुढच्या वर्षी बघू.

अधिवेशनाआधी आपल्या मतदारसंघातल्या एखाद्या हायस्कुलात मधल्या सुट्टीत जाऊन या. आधी फोन करू नका, नाहीतर त्या दिवशी सगळ्यांच्या डब्यात भाजी असेल. बाजाराच्या आदल्या दिवशी जा. नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसा आणि मुलांना डबे उघडू द्या. उघडणार नाहीत त्यांना काही विचारू नका, फक्त मोजा.

कळावे,
आपली विश्वासू
एक माध्यमिक शिक्षिका, बीड जिल्हा